खुंटलेल्या रोपांची पाटी

"सर, ही इस्रायलची टेक्नॉलॉजी आहे."

खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या आवारात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका तरुणाने मला हे ज्ञान दिलं. २०१२चा मे महिना होता. समोर केशर आंब्याची एकशे वीस झाडं ओळीने उभी होती. लावून दहा वर्षं झालेली, पण उंची माझ्या डोक्याच्या जेमतेम हातभर वर. खाली गाड्या लावायचा तळमजला, त्याच्या स्लॅबवर साडेतीन फूट माती आणि त्या मातीत ही झाडं. फळं इतकी खाली की पोरंपोरी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होती.

"इस्रायल कोण म्हणालं?"

"सगळ्यांना माहितीये सर. गूगल करा."

आंब्याची कलमं तयार करण्यात चौदा वर्षं घालवलेल्या माणसाला आंबा गूगल करायला सांगितलं की त्याचं डोकं फिरतं. माझं फिरलं. "इस्रायल नव्हे, विश्रांतवाडी," मी म्हणालो. तो हसला. पुण्यात माणूस सरळ खरं बोलला तरी समोरच्याला तो टोमणाच वाटतो, त्याला इलाज नाही.

त्या झाडांमागे जी बाई आहे, तिची गोष्ट मी कुणालाच नीट सांगितली नव्हती. सांगायची म्हणजे त्यात माझाही एक भाग सांगावा लागतो, आणि तो काही फार शोभेचा नाही.

१९९८च्या ऑक्टोबरात मी वाघोलीजवळच्या रावसाहेबांच्या रोपवाटिकेत पर्यवेक्षक म्हणून लागलो. शेतकी महाविद्यालयाची पदवी ताजी, बिबवेवाडीला भाड्याची खोली, लग्न ठरलेलं आणि नोकरी कच्ची. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. रावसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अहो अभयराव, इथे झाडांची लग्नं लागतात, माणसांची नाहीत. उद्यापासून साधे कपडे घाला." मग त्यांनी मला हिराबाईंपुढे उभं केलं. "या आमच्या कलमांच्या प्रमुख. तुम्ही यांचे साहेब. म्हणजे यांचं ऐकायचं."

हिराबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं आणि ते झाडाच्या चिकाने कायमचं काळं झालेलं. "आमच्या घरानं धम्म घेतला तवा मी पाळण्यात व्हते," असं त्या आपलं वय सांगायच्या. शिरूरकडच्या गावातून लग्न होऊन विश्रांतवाडीला आल्या. नवरा बाबुराव एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर माळी होता. तो गेल्यावर त्यांनी रोपवाटिकेत कलमांच्या सांध्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या बांधायचं काम धरलं. कलमं करणारे सगळे पुरुष आणि पट्ट्या बांधणाऱ्या सगळ्या बाया, अशी तिथली रीत होती. बाईंनी पट्टी बांधता बांधता चाकू कसा फिरतो ते पाहून घेतलं. दोन वर्षांनी एक कलमकरी आजारी पडला, तेव्हा त्यांनी त्याचा चाकू उचलला, आणि त्या हंगामात शंभरातली एक्क्याण्णव कलमं धरली. त्या कलमकऱ्याची सत्तरच्या वर कधी गेली नव्हती. तो परत आला तो सरळ दुसऱ्या कामाला लागला.

माझ्यासारख्या शिकलेल्याला वाटायचं, कलम म्हणजे वरच्या फांदीची हुशारी. केशरची काडी लावली की केशर. हिराबाईंचं सगळं लक्ष खाली असायचं, खुंटावर. ज्या रोपावर काडी चढवायची ते मुळासकटचं रोप म्हणजे खुंट. "वरचं झाड फळ देतं साहेब," त्या म्हणायच्या, "पन केवढं व्हायचं ते खालचं ठरवतं. सून कितीबी उंच असू द्या, छप्पर ठेंगणं असलं की वाकूनच चालनार."

आणि त्यांच्याजवळ एक खास खुंट होता.

बाबुराव ज्या बंगल्यावर होते, तिथे मोरीच्या पाण्यावर एक आंबा आपोआप उगवला होता. साहेबांचा आचारी केरळचा होता. त्यानेच कधीतरी गावाकडच्या आंब्याची कोय खिडकीतून फेकली असावी. तीस वर्षं होऊनही झाड माणसाएवढंच. फळ लिंबाहून थोडं मोठं, केसाळ, पिकलं तरी आंबट. कुणी ढुंकून बघायचं नाही. पण हिराबाईंनी त्याच्या कोयी रुजवून पाहिल्या. आमच्या रायवळ आंब्याच्या कोयीतून एक कोंब येतो आणि तो आईवर जाईल की बापावर याचा नेम नाही. याच्या एका कोयीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब निघाले आणि झाडून सगळे आईवर गेले. तसेच बुटके, तशीच जाड साल. त्यावर केशर बांधली, तर केशरही गुमान बुटकी राहिली. अशी चार झाडं त्यांनी विश्रांतवाडीतल्या आपल्या घरापुढे पाण्याच्या पिंपांत आठ वर्षं वाढवली होती.

रावसाहेबांनी ती पिंपं पाहिली होती. म्हणूनच खराडीला कंपनीची इमारत उभी राहणार असं कळलं आणि बगिच्याचा ठेकेदार "खिडकीच्या वर जाणार नाही आणि स्लॅब फोडणार नाही असा आंबा आहे का?" म्हणून पुणेभर विचारत फिरत होता, तेव्हा ते लगेच म्हणाले, "आहे. हिराबाईंना विचारून सांगतो किती." बाईंनी आदल्या पावसाळ्यात बंगल्यातल्या त्या झाडाच्या सगळ्या कोयी एका वाफ्यात लावून ठेवल्याच होत्या. दीडशे रोपं. जूनमध्ये त्यांवर केशर चढवायची आणि पुढच्या वर्षी एकशे वीस कलमं द्यायची, असं ठरलं. बाईंच्या शब्दावर रावसाहेबांनी शब्द दिला होता. हा हिशेब सरळ होता आणि तो मला माहीत होता.

वाफ्याला ओळख हवी म्हणून बाईंनी आपल्या मुलीकडून, उत्कर्षाकडून, पत्र्यावर रंगाने पाटी लिहून घेतली. ती दहावीला होती, अक्षर सुरेख. "काय लिहू?" तिने विचारलं. बाई त्या रोपांना लाडाने जे म्हणायच्या तेच त्यांनी सांगितलं. पाटीवर ठळक अक्षरं आली: खुंटलेली.

आता माझा भाग.

१९९९च्या एप्रिलात मी रोपवाटिकेत शिस्त आणायला निघालो होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की मरतुकडी रोपं वेळीच काढावीत, नाहीतर ती पाणी खातात. तेराच्या संध्याकाळी मी फळ्यावर नोटीस लावली: "वाढ खूंटलेली सर्व रोपे काढून खतखड्ड्यात टाकावीत." खाली झोकदार सही. त्या दीडशे रोपांचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता, ही शपथ मी आजही घेईन.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती, म्हणून हिराबाई रजेवर. मीही शहरात बियाण्यांच्या कामाला गेलेलो. मागे राहिला गेनबा. गेनबा साठीचा, आयुष्यभर अंगठा लावलेला आणि त्याच हिवाळ्यात साक्षरता वर्गात अक्षरओळख झालेला. दिसेल ते वाचायचा. खताची पोती, एसटीच्या पाट्या, साबणाचं वेष्टण, काही सोडायचा नाही. त्या सकाळी त्याने फळ्यावरची नोटीस बोट ठेवून वाचली. मग शेतभर फिरला. आणि एका वाफ्यावर त्याला तोच शब्द सापडला. वाचून केलेलं त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं काम. दुपारी बारापर्यंत त्याने दीडशे रोपं मुळासकट उपटली, खड्ड्यात टाकली आणि वाफा झाडून स्वच्छ केला.

पंधराला सकाळी त्यानेच हौसेने हिराबाईंना वाफा दाखवला. "समदं वाचून केलं, बाई."

मी स्कूटर लावत होतो. बाईंना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. त्या खड्ड्यात उतरल्या. एप्रिलचं ऊन, एक दिवस आणि एक रात्र उघडी मुळं. एकेक रोप उचलायचं, अंगठ्याच्या नखाने साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर ओच्यात, तपकिरी दिसलं तर बाजूला. बराच वेळ नुसती बाजूलाच जात होती. मी काठावर उभा होतो. काय झालं ते कळायला मला फार वेळ लागला नाही. मग मी जे केलं ते असं: फळ्याकडे गेलो, नोटीस काढली, घडी घालून खिशात ठेवली. वळलो तर बाई खड्ड्यातून माझ्याकडे पाहत होत्या.

दीडशेतून अकरा वाचली.

दहाच्या सुमारास रावसाहेब आले. सगळे गोळा झाले. गेनबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. रावसाहेबांनी विचारलं, "कुणी सांगितलं उपटायला?" आता सांगतो, मग सांगतो, असं मनाशी म्हणत मी उभा राहिलो. आणि हिराबाई म्हणाल्या, "पाटी माझी व्हती, रावसाहेब. मीच तसं लिवायला लावलं. गेनबाचा काय दोष न्हाई." बस. माझं नाव नाही, नोटिशीचा शब्द नाही. रावसाहेब आत निघून गेले. मागोमाग त्यांनी बाईंना आत बोलावलं. बाई बाहेर आल्या त्या कलमांच्या शेडकडे गेल्याच नाहीत. मातीच्या ढिगाकडे गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या भरायला बसल्या. ते नव्या, बिनकौशल्याच्या बायांचं काम. मला वाटलं, शिक्षा झाली. माझी शिक्षा बाईंना झाली. मला स्वतःची किळस आली, पण तोंड उघडायचं धाडस मात्र आलं नाही.

वर दुसरं संकट आलं. त्याच महिन्यात विश्रांतवाडीचा तो बंगला विकला गेला. जागेवर बारा मजली इमारत होणार, जूनच्या आत झाडं साफ. म्हणजे आईझाडच जाणार. घरापुढच्या पिंपांतली झाडं वरून केशर, त्यांच्या कोयी लावून उपयोग नाही. त्या वर्षीची फळं हीच काय ती शेवटची संधी.

मी तेव्हा एक अक्कल पाजळली. म्हणालो, "बाई, साध्या रायवळ खुंटावरची केशर आपल्याकडे ढिगाने आहे. देऊन टाकू. पाच वर्षं तरी कुणाला कळणार नाही."

बाईंनी पिशवीत माती दाबली. "झाडाला कळंल की, साहेब."

बंगल्याच्या नव्या मालकाकडे त्या स्वतः गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण फळं तयार होईपर्यंत झाडाला हात लागला नाही. मेच्या शेवटी त्या रिक्षाने पाच पोती कैऱ्या घेऊन आल्या. गवतात अढी घातली. पिकल्यावर प्रश्न आला, कोय तर हवी, पण फळाचं काय? फेकायचं नाही, हा बाईंचा कायदा. मग आम्ही सगळ्यांनी आठ दिवस ते आंबे खाल्ले. दात आंबून भाकरी चावेना. रावसाहेबांच्या कवळीत केस अडकले. "अहो हिराबाई," ते म्हणाले, "हा खुंट झाडाला बुटकं करतो का खाणाऱ्याला?" तरी त्यांनी रोज दोन खाल्ले, मी मोजले नाहीत पण पाहिले.

रावसाहेबांनी ठेकेदाराला फोन करून सांगितलं की एक वर्ष जास्त लागेल. तो तावातावाने बोलला, दुसरीकडून झाडं घेतो म्हणाला. "घ्या," रावसाहेब म्हणाले, "आणि खिडक्या झाकतील त्या फांद्यांना करवतही घेऊन ठेवा."

कोयी रुजल्या. एकेका कोयीतून दोन-तीन कोंब, ते सगळे बाईंनी स्वतः भरलेल्या पिशव्यांत गेले. त्या पिशव्या त्यांनी आपल्या बसायच्या जागेपुढे मांडल्या होत्या. या वेळी पाटी नव्हती. मी रोज तिथून खाली मान घालून जायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "साहेब, नुसतं हिंडून पाय दुखतील. बसा हितं." आणि मला त्यांनी साल बघायला शिकवलं. नखाने कशी दाबायची, जाड कोणती, पातळ कोणती. "जाड सालीचं मूळ आळशी. वर फार धाडत न्हाई. त्याला उंची नको, त्याला टिकायचं असतं." पुढे कितीतरी वर्षांनी एका चर्चासत्रात एका मोठ्या शास्त्रज्ञाने पडद्यावर आलेख दाखवला: मुळात सालीचं प्रमाण जास्त असलं की झाड बुटकं राहतं. लोक माना डोलावत होते. मला त्या अंधाऱ्या सभागृहात एक काळं नख दिसत होतं.

पुढच्या पावसाळ्यात बाई परत चाकूवर आल्या आणि मी त्यांच्या शेजारी पट्ट्या बांधायला बसलो. पदवीधर पट्टी बांधतो म्हणून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. २००१ला कलमं तयार झाली, तोवर अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटला होता आणि खराडीची इमारत अर्धवट उभी होती. म्हणजे ज्या घाईपायी ठेकेदाराने आकाशपाताळ एक केलं, ती घाईच उरली नव्हती. काम पुन्हा सुरू झालं २००२ला, आणि ठेकेदार आमच्या फाटकात येऊन उभा राहिला. दुसरीकडची झाडं त्याने घेतली नव्हती. कदाचित करवत महाग पडली असेल.

लावणीला बाई जातीने गेल्या. हातात वीतभर काठी. प्रत्येक झाडाचा सांधा मातीच्या वर एक वीत राहिला पाहिजे. सांध्याखाली फुटवा दिसला की खुडायचा, नाहीतर खुंट स्वतःच झाड होऊन बसतो. सुटाबुटातला एक अधिकारी म्हणाला, "मावशी, जरा लवकर आटपा." बाई म्हणाल्या, "तुमची इमारत पन अशीच लवकर आटपली का?" एकशे वीस झाडं त्यांनी काठीने मोजून लावून घेतली.

तीच झाडं मी २०१२च्या मेमध्ये पाहून आलो. पुढच्याच आठवड्यात हिराबाईंचा निरोपसमारंभ होता. उत्कर्षाला हिंजवडीत नोकरी लागली होती आणि आईने आता घरी बसावं असा तिचा हट्ट होता. शेडमध्ये सतरंजी, रावसाहेब खुर्चीत, थकलेले पण तल्लख. गेनबा पुढच्या रांगेत. हार, साडी, पेढे. मग मला बोलायला सांगितलं.

मी खिशातून घडी केलेला कागद काढला. तेरा वर्षं तो माझ्या फलोत्पादनाच्या पुस्तकात होता. फेकवला नाही, दाखवला नाही. मी तो वाचला, खालच्या सहीसकट. मग म्हणालो, "रोपं माझ्यामुळे गेली. मी नोटीस लपवली. बाईंनी दोष घेतला, त्यांना वर्षभर पिशव्या भराव्या लागल्या, आणि मी गप्प बसलो." रडू आलं, सगळ्यांसमोर. लाज वाटायची ती वाटलीच.

रावसाहेब खाकरले. "अहो अभयराव, ती नोटीस मी जयंतीच्या सकाळी सातलाच वाचली होती. तुम्ही 'खुंटलेली'तला 'खु' दीर्घ काढलाय. तेवढ्यात माझं लक्ष अडकलं आणि पाटी आठवली नाही. म्हणजे मीही दोषीच. दुसऱ्या दिवशी फळा रिकामा दिसला तेव्हा सगळं कळलं. मी हिराबाईंना आत बोलावून विचारलं, याला आज काढू का?"

मी बाईंकडे पाहिलं.

"मी म्हनलं, दोन पावसाळे बघा," बाई म्हणाल्या. "नवं कलम हाय. वाऱ्यावर ठिवलं तर धरायचं न्हाई."

"आणि पिशव्या?"

"त्या मीच मागून घेतल्या. पैल्या खेपेला पाटी लावून घरी गेले, तिथंच चुकलं. दुसऱ्या खेपेला डोळ्याम्होरं पायजे व्हती रोपं. शिक्षा कसली? उगा तेरा वरसं जिवाला घोर लावून घेतलात."

"दोन पावसाळ्यांनी मी पुन्हा विचारलं होतं," रावसाहेब म्हणाले.

"मग?"

"बाई म्हणाल्या, पट्टी बांधतोय नीट. राहू द्या."

गेनबा डोळे पुसत होता. पेढे वाटले गेले. बाईंनी आपल्या वाट्याचे दोन पेढे खाल्ले नाहीत, घरी उत्कर्षासाठी न्यायचे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या हातातला तो कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यात पेढे बांधून पिशवीत टाकले.

"चांगला कोरडा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या.